मानमोडी कीं फ्लू? नवापूरची कुक्कुट-साथ व सरकारी बंदोबस्त (इ. स. २००६)

साथींचा इतिहास आमच्याकडे बहुधा माणसांच्या मरणावरून लिहिला गेला आहे. १८९६ नंतरचा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएन्झा, पटकी, देवी ह्यांविषयीं सरकारी अहवाल, वर्तमानपत्रें व खासगी पत्रें यांचा अभ्यासकांनीं पुष्कळ उपयोग केला. जनावरांच्या व पक्ष्यांच्या साथींकडे मात्र पशुवैद्यांखेरीज फारसें कोणी वळलें नाहीं. वास्तविक शेतकऱ्याच्या दारांत सरकार कोणत्या रूपानें उभें राहतें, आणि शेतकरी त्यास दार उघडतो कीं कडी लावतो, हें पाहावयाचें तर गोठा व खुराडा ह्यांच्याइतकें चांगलें साधन दुसरें नाहीं.

प्रस्तुत लेखांत नाशिक विभागांतील नवापूर येथें फेब्रुवारी २००६ मध्यें उघडकीस आलेली कोंबड्यांची साथ व तिचा सरकारनें केलेला बंदोबस्त यांचा विचार करावयाचा आहे. बर्ड फ्लू ह्या नांवानें सर्वश्रुत झालेल्या रोगाची भारतांत निश्चित झालेली ही पहिली साथ होय. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ह्या प्रकरणाचें मर्म मारलेल्या पक्ष्यांच्या आंकड्यांत नसून, रोगास त्याचें खरें नांव मिळेपर्यंत जे सुमारें तीन आठवडे गेले त्यांत आहे; आणि असा काळ कमी करणें हें सरकारच्या बळापेक्षां लोकांच्या विश्वासावर अधिक अवलंबून असतें.

स्थळ व धंदा

नवापूर हें रंगावली नदीच्या कांठचें तालुक्याचें गांव. अखंड खानदेश, १९०६ नंतर पश्चिम खानदेश, पुढें धुळें जिल्हा आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्हा अशीं स्थित्यंतरें ह्या गांवानें पाहिलीं. महसुली कारभारांत नाशिक, धुळें, नंदुरबार, जळगांव व अहिल्यानगर (पूर्वींचें अहमदनगर) असे पांच जिल्हे मिळून नाशिक विभाग होतो. आणि २००६ ची साथ प्रथम नंदुरबारांत व नंतर जळगांवांत, म्हणजे ह्या एकाच विभागाच्या दोन जिल्ह्यांत, आढळली. यास्तव तिचा वृत्तांत नाशिकच्या इतिहासांतच मोडतो.

गांवाची दुसरी खूण म्हणजे सरहद्द. सुरतेहून ताप्तीच्या खोऱ्यांतून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नवापूरचें स्थानक आहे. १ मे १९६० रोजीं मुंबई राज्याचे दोन भाग झाले, तेव्हां नवी सरहद्द ह्या स्थानकांतूनच गेली. त्याचा कांहीं भाग महाराष्ट्रांत आहे व कांहीं गुजरातेंत. सुरत-धुळें हमरस्ताही येथूनच जातो. सुरतेसारखी मोठी बाजारपेठ एका बाजूस, खानदेशचा मका दुसऱ्या बाजूस, आणि मधून वाहतुकीचा मार्ग. अशा ठिकाणीं अंड्यांसाठीं कोंबड्या पाळण्याचा धंदा वाढला यांत नवल नाहीं. ह्या धंद्यास महाराष्ट्रांत आधार होता तोही लक्षांत घेतला पाहिजे. डॉ. बी. व्ही. राव यांनीं १९७१ सालीं सुरू केलेला वेंकटेश्वरा हॅचरीजचा उद्योग पुण्यांतून चाले, आणि अंड्यांचा भाव उत्पादकांनींच ठरवावा ह्या हेतूनें १९८२ सालीं त्यांच्याच पुढाकारानें राष्ट्रीय अंडी समन्वय समिति स्थापन झाली होती. एका पिढींतच कोंबडी परसांतून निघून पिंजऱ्यांत व बँकेच्या कर्जखात्यांत जाऊन बसली होती.

तथापि परसांतील कोंबडी नाहींशी झाली नव्हती. तालुक्यांतील वस्ती मुख्यतः आदिवासी. गावित, मावची, भिल्ल, कोकणी अशा जमातींचीं घरें पाड्यापाड्यांवर विखुरलेलीं. त्या घरांत दहा-पांच देशी कोंबड्या असतात. पाहुणा आला, देवाचें नवस फेडावयाचें झालें, किंवा बाजारच्या दिवशीं मीठ-तेल आणावयास पैसा नसला, म्हणजे त्याच कामीं येतात. पिंजऱ्यांतील कोंबडी हा धंदा आहे. परसांतील कोंबडी ही बहुधा घरांतील बाईची पुंजी आहे. पुढील हकीकतींत सरकारनें ह्या दोघींस एकाच मापानें मोजलें, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

मानमोडी

जानेवारी २००६ च्या अखेरीपासून नवापूरच्या शेडांतून कोंबड्या मरूं लागल्या. धंद्यांतील लोकांनीं हा राणीखेत रोग आहे असें म्हटलें. आमच्या खेड्यांतून ह्याच रोगास मानमोडी म्हणतात. कारण रोगांतून वांचलेल्या पक्ष्याची मान पुष्कळदां वांकडी होऊन राहते.

हें नांव घेण्यांत लबाडीच होती असें समजणें अन्यायाचें होईल. राणीखेत व बर्ड फ्लू ह्यांचीं बाह्य लक्षणें इतकीं मिळतींजुळतीं आहेत कीं, पक्षी एकाएकीं मरणें, अंडीं घटणें, श्वास लागणें, एवढ्यावरून दोहोंतील भेद अनुभवी पशुवैद्यासही खात्रीनें सांगतां येत नाहीं. तो भेद प्रयोगशाळेंतच कळतो. राणीखेत देशांत सर्वत्र असलेला रोग, तर दुसरा रोग ह्या देशांत तोंवर कोणीच पाहिलेला नव्हता. माहीत असलेल्या संकटाचें नांव माणूस आधीं घेतो.

परंतु हें नांव सोयीचेंही होतें, ही गोष्ट लपविण्यांत अर्थ नाहीं. राणीखेत म्हटलें कीं लस टोंचावयाची, मेलेले पक्षी बाजूस काढावयाचे व धंदा चालूं ठेवावयाचा. त्यांत सरकार दारीं येत नाहीं, बाजार बंद होत नाहीं, कर्जाचा हप्ता अडत नाहीं. दुसरें नांव उच्चारलें तर सर्वच बुडावयाचें. अज्ञान आणि सोय ह्या दोहोंची सीमा अशा वेळीं कोठें असते हें बाहेरून सांगतां येत नाहीं. ज्याच्या शेडींत पक्षी मरत असतात त्यासही तें नेहमींच ठाऊक असतें असें नाहीं.

ह्या दोन नांवांस एक इतिहास आहे, तो येथें सांगणें अवश्य आहे. सरकारनें १८८९ सालीं पुणें येथें जनावरांच्या रोगांच्या संशोधनासाठीं एक प्रयोगशाळा काढिली. ती १८९३ सालीं कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली. ह्याच संस्थेंतील जे. टी. एडवर्ड्स यांनीं १९२७-२८ च्या सुमारास जवळच्या राणीखेत येथील कोंबड्यांत आढळलेल्या नव्या रोगाची नोंद केली, व त्यावरून त्यास तें नांव पडलें. इंग्लंडांत तोच रोग न्यूकॅसल ह्या गांवाच्या नांवानें ओळखला जातो. पुढें ह्या संस्थेचा विस्तार होऊन भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली आणि तिची एक शाखा म्हणून भोपाळ येथें अतिसुरक्षित प्रयोगशाळा उभी राहिली. नवापूरचे नमुने तपासून, हा राणीखेत नव्हे, असा निर्णय ह्या भोपाळच्या प्रयोगशाळेनेंच दिला. म्हणजे ज्या संस्थेनें राणीखेत हें नांव दिलें, तिच्याच शाखेनें तें नवापुरांत पुसलें.

बर्ड फ्लूचें कुळ याहून जुनें आहे. १८७८ सालीं इटालींतील पेरोन्चितो यांनीं कोंबड्यांच्या एका संहारक रोगाचें वर्णन केलें. त्यास पुढें कोंबड्यांचा प्लेग म्हणूं लागले. १९०१ सालीं हा रोग गाळणींतूनही पार जाणाऱ्या सूक्ष्म विषापासून होतो असें दिसून आलें. आणि तें विष म्हणजे इन्फ्लुएन्झाचाच विषाणु होय, हें जर्मनींतील शेफर यांनीं १९५५ सालीं दाखविलें. माणसाचा फ्लू व कोंबडीचा प्लेग हे एकाच घराण्यांतील निघाले.

येथें मराठी भाषेंतील एक योगायोग नोंदण्यासारखा आहे. १९१८ च्या ज्या इन्फ्लुएन्झानें ह्या देशांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं, त्यासही महाराष्ट्रांतील लोक मानमोडीच म्हणत. लोकांनीं दोन्ही रोगांस एक नांव दिलें तें लक्षणांवरून वा भयावरून. शास्त्र म्हणून नव्हे. तरी ऑक्टोबर २००५ मध्यें, म्हणजे नवापूरच्या चार महिने आधीं, १९१८ च्या विषाणूची संपूर्ण रचना अमेरिकेंतील संशोधकांनीं प्रसिद्ध केली व त्याचें कूळ पक्ष्यांतील विषाणूंपर्यंत पोंचत असावें असें मत मांडिलें. नवापूरच्या कोंबड्यांची बातमी ऐकून जगभर जी भीति पसरली तिचें कारण ह्यांत आहे. मरत होत्या त्या कोंबड्या. लोकांच्या मनांत होतें तें १९१८ साल.

वर्तुळ

एच-५-एन-१ ह्या सांकेतिक नांवाचा विषाणु १९९६ सालीं दक्षिण चीनमधील हंसांत सांपडला. १९९७ सालीं हाँगकाँगमध्यें त्यानें १८ माणसांस ग्रासलें व त्यांपैकीं ६ मरण पावलीं. तेव्हां तेथील सरकारनें शहरांतील सर्व कोंबड्या, बारा लाखांहून अधिक, थोड्या दिवसांत मारून टाकिल्या व साथ थांबली. हाच पुढील सर्व बंदोबस्तांचा नमुना ठरला. २००५ सालीं चीनमधील चिंगहाय सरोवरावर रानपक्षी मोठ्या संख्येनें मेले, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यांत रोग झपाट्यानें पश्चिमेकडे सरकला. फेब्रुवारी २००६ च्या पहिल्या तीन आठवड्यांतच नायजेरिया, इटाली, ग्रीस, फ्रान्स, इजिप्त येथून बातम्या आल्या. भारताची पाळी आली ती ह्याच ओघांत.

शनिवार, १८ फेब्रुवारी २००६ रोजीं महाराष्ट्राचे पशुसंवर्धनमंत्री अनीस अहमद यांनीं नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू असल्याचें जाहीर केलें. नांव मिळण्यास तीन आठवडे लागले. नांव मिळाल्यावर मात्र यंत्र विलक्षण वेगानें फिरूं लागलें. रोगाच्या जागेभोंवतीं तीन किलोमीटर त्रिज्येचें वर्तुळ आंखून त्यांतील यच्चयावत् कोंबड्या मारावयाच्या, आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवावयाची, असा नियम होता. निरनिराळ्या जिल्ह्यांतून पशुवैद्य व कर्मचारी आणून त्यांचीं पथकें पाडण्यांत आलीं. अंगभर झगे, तोंडावर पट्ट्या, डोळ्यांवर चष्मे, पोटांत फ्लूचें औषध, अशा थाटानें हीं पथकें शेडींत शिरलीं. पक्ष्यांच्या माना मुरगळून ते खोल खड्ड्यांत टाकावयाचे, वर चुना व माती लोटावयाची, अंडीं फोडावयाचीं, खाद्य नष्ट करावयाचें, शेड धुऊन निर्जंतुक करून मोहोरबंद करावयाची, असा क्रम होता. मानमोडी हा शब्द जणूं रोगाकडून बंदोबस्ताकडे गेला.

वर्तुळास सरहद्द समजत नाहीं. नवापूरभोंवतीं काढलेली रेघ गुजरातच्या उच्छल तालुक्यांत शिरली, आणि तेथेंही रोग सांपडला. एका बाजूस नाशिक विभागाचा अंमल, दुसऱ्या बाजूस त्या वेळच्या सुरत जिल्ह्याचा. दोन राज्यांचीं खातीं, दोन राज्यांचे हुकूम, मधें एकच हवा व एकच बाजार. ह्या प्रसंगीं दोन्ही राज्यांनीं मारणीचें काम चालविलें. परंतु जनावरांच्या रोगासंबंधीं सबंध देशास लागू पडेल असा एकरूप कायदा तेव्हां नव्हता, ही उणीव येथें उघडी पडली.

मार्च महिन्यांत जळगांव जिल्ह्यांतील कांहीं खेड्यांत रोग निघाला, आणि त्यानंतर सरहद्दीपलीकडे मध्यप्रदेशांतील बऱ्हाणपूर जिल्ह्यांत. जळगांवांत रोग निघाला तो मोठ्या शेडांत नसून परसांतील कोंबड्यांत, हें विशेष. मोठ्या शेडीस दार असतें, वही असते, मालक असतो. परसांतील कोंबडी दिवसां गांवभर हिंडते, रात्रीं झाडावर बसते, आणि तिची नोंद कोणत्याही वहींत नसते. तेथें पथकास घरोघर जावें लागे. घरांतल्यांस आपल्या चांगल्या धडधाकट कोंबड्या परक्यांच्या हातीं कां द्याव्या हेंच उमगत नसे, आणि ज्याला तें उमगत नाहीं तो कोंबड्या टोपलीखालीं झांकतो किंवा रातोरात दुसऱ्या गांवच्या पाहुण्याकडे पोंचवितो. रोग पसरण्यास याहून चांगला मार्ग नाहीं.

माणसांच्या बाबतींत सुदैवानें कांहीं विपरीत घडलें नाहीं. संशयितांच्या रक्ताचे व घशांतील स्रावाचे नमुने पुणें येथील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे व दिल्लीस पाठविण्यांत आले. एकाही माणसास हा रोग झाल्याचें सिद्ध झालें नाहीं. एप्रिलनंतर नवें ठिकाण सांपडलें नाहीं, आणि ऑगस्ट २००६ मध्यें भारतानें आपण रोगमुक्त झाल्याचें जाहीर केलें. ज्या कामासाठीं बंदोबस्त केला तें काम झालें, हें मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे. लस टोंचून रोग दबवितां येतो, पण मग तो दिसेनासा होऊन आंत राहतो. सबब समूळ उच्छेद हा मार्ग सरकारनें पत्करिला, त्यास शास्त्राचा आधार होता.

किंमत कोणी दिली, हा प्रश्न वेगळा. रेल्वेच्या जेवणांतून कोंबडी व अंडीं उठलीं, बाजारभाव कोसळले, आणि जेथें एकही कोंबडी आजारी नव्हती अशा दूरच्या जिल्ह्यांतील शेडवाल्यांचेंही कंबरडें मोडलें. एप्रिल २००६ मध्यें रिझर्व्ह बँकेनें कुक्कुटपालकांच्या कर्जांची फेररचना करण्याची व व्याजांत चार टक्के सवलत देण्याची योजना बँकांस कळविली. ज्याचें बँकेंत खातें होतें त्यास हा आधार मिळण्याजोगा होता. ज्या बाईची पुंजी खुराड्यांत होती, तिला व्याजाची सवलत काय उपयोगाची?

मागील बंदोबस्तांशीं तुलना

सरकार रोगाच्या नांवानें घरांत शिरलें, असें ह्या प्रदेशानें पूर्वींही पाहिलें होतें. प्लेगसाठीं १८९७ च्या फेब्रुवारींत साथरोगांचा कायदा झाला व त्यानें अधिकाऱ्यांस जवळजवळ अमर्याद सत्ता दिली. घरझडत्या, सक्तीचें विलगीकरण, सामान जाळणें यांमुळें लोक चिडले. २२ जून १८९७ च्या रात्रीं पुण्यास प्लेगचे अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, हें सर्वांस ठाऊक आहे. नाशिक जिल्ह्यांतही १८९८ च्या आरंभीं सिन्नर येथें प्लेगच्या बंदोबस्तावरून दंगा होऊन रुग्णालयांतील एका सहायकाचा प्राण गेला, हें तितकेंसें ठाऊक नाहीं. प्लेगचा रोगी लपविणें हा त्या काळीं घरोघरचा उपाय झाला होता. कारण रोग उघड केल्यानें मिळावयाचें कांहीं नव्हतें आणि जावयाचें सर्व होतें. पुढें सरकारासच आपला हात आंखडता घ्यावा लागला.

ह्याच्या उलट दाखला गुरांच्या बुळकांडीचा आहे. मुक्तेश्वरची प्रयोगशाळा मुख्यतः ह्याच रोगासाठीं वाढली. स्वातंत्र्यानंतर देशभर लसीची मोहीम चालली, आणि २००६ सालींच, म्हणजे नवापूरच्या साथीनंतर थोड्याच महिन्यांनीं, भारत बुळकांडीपासून मुक्त झाल्याचें आंतरराष्ट्रीय संस्थेनें मान्य केलें. २०११ सालीं सर्व जगांतून तो रोग गेला. बुळकांडीच्या वेळीं सरकारी मनुष्य सुई घेऊन येई, व त्याच्या येण्यानें बैल वांचे. म्हणून शेतकरी आपण होऊन गुरें पुढें करी. नवापुरास सरकारी मनुष्य आला तो पोतें घेऊन, आणि त्याच्या येण्यानें निरोगी पक्षीही मेले.

दोन्ही रोग वेगळे, उपाय वेगळे, हें खरेंच. फ्लूसाठीं सुईचा मार्ग नव्हता असें म्हणतां येईल. पण म्हणूनच फ्लूच्या बंदोबस्तांत विश्वासाची गरज बुळकांडीहून अधिक होती. जेथें सरकार कांहीं देतें तेथें लोक आपण येतात. जेथें सरकारास कांहीं न्यावयाचें असतें, तेथें त्याचा मोबदला काय, तो केव्हां व कोणास मिळणार, हें लोकांस आधींच ठाऊक असावें लागतें.

ह्या ठिकाणीं नुकसानभरपाईच्या नियमांतील एक बारकावा महत्त्वाचा आहे. आमच्याकडे भरपाई मिळते ती सरकारनें मारलेल्या पक्ष्याची. रोगानें आधींच मेलेल्या पक्ष्याची नव्हे. नीट पाहिलें असतां हा नियम लवकर कळविणाऱ्याच्या बाजूचा आहे. पहिल्या दिवशीं जो बातमी देतो त्याचे बहुतेक पक्षी पंचनाम्यांत जिवंत धरले जातात व त्यांचा पैसा मिळतो. तीन आठवडे जो वाट पाहतो त्याचे पक्षी फुकट मरतात. परंतु हा हिशेब शेडवाल्यास साथीपूर्वीं कोणी समजावून सांगितला असेल तरच तो उपयोगी. साथ आल्यावर तो सांगितला तर ती नुसती तक्रारीची बाब होते. आणि पाड्यावरच्या बाईस तो तिच्या बोलींत सांगावा लागतो.

पुढील कायदा व दुसरी खेप

नवापूरनंतर रोग थांबला नाहीं. २००७ मध्यें मणिपूर व २००८ च्या जानेवारींत पश्चिम बंगाल येथें तो निघाला. बंगालमध्यें रोग परसांतील कोंबड्यांतून जिल्ह्यामागून जिल्ह्यांत पसरला आणि चाळीस लाखांहून अधिक पक्षी मारावे लागले. जळगांवच्या खेड्यांनीं दिलेला इशारा बंगालांत मोठ्या अक्षरांत लिहिला गेला.

२००९ सालीं संसदेनें जनावरांच्या संसर्गजन्य रोगांसंबंधीं एक अखिल भारतीय कायदा केला. एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत रोग जाऊं न देणें हा त्याच्या उद्देशांतच नमूद केलेला हेतु आहे. नवापूरच्या दुभंगलेल्या स्थानकाची येथें आठवण व्हावी. पूर्वीं घोड्यांच्या ग्लँडर्ससाठीं १८९९ चा, दूरीनसाठीं १९१० चा, असे एकेका रोगाचे कायदे होते. नव्या कायद्यानें नियोजित रोगाचा संशय येतांच मालकानें गांवकामगारास किंवा ग्रामपंचायतीस कळविलें पाहिजे असें बंधन घातलें. म्हणजे नांव पक्कें होण्याची वाट न पाहतां नुसत्या संशयावरही बोलावें, असा कायद्याचा कल झाला. नवापूरच्या तीन आठवड्यांस दिलेलें हें कायद्याचें उत्तर होय.

जानेवारी २०२१ मध्यें परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा येथें रोग निघाला, आणि फेब्रुवारींत पुनः नवापूर. पंधरा वर्षांनीं त्याच गांवीं तेंच संकट आलें. परंतु आतां नियम बदलले होते. मारणीचें वर्तुळ तीन किलोमीटरांवरून एक किलोमीटरावर आलें होतें. हा फरक दिसतो त्याहून मोठा आहे. तीन किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळांत सुमारें २८ चौरस किलोमीटर भूमि येते, तर एक किलोमीटरच्या वर्तुळांत अवघी तीन. म्हणजे नऊ भागांतून आठ भाग मोकळे झाले. त्या आठ भागांत असलेल्या पाड्यांवरील खुराडे वांचले. भरपाईचे दरही ठरलेले होते : आठ आठवड्यांवरील अंडीं देणाऱ्या कोंबडीस ९० रुपये, त्याहून लहान पक्ष्यास २० रुपये, अंड्यास ३ रुपये, आणि हा भार केंद्र व राज्य यांनीं निम्मा निम्मा उचलावयाचा. ९० रुपयांत नवी अंड्यावरची कोंबडी उभी राहत नाहीं हें कोणीही धंदेवाला सांगेल. तरीपण मारणीपूर्वीं दर जाहीर असणें, व पक्ष्याबरोबर अंडें व खाद्य यांचीही किंमत धरणें, ह्या गोष्टी थोड्या नव्हेत. जुलै २०२१ मध्यें हरियाणांतील एका बालकाचा दिल्लीस ह्या रोगानें मृत्यु झाला. भारतांतील तो पहिला मानवी बळी ठरला. आतां तीन आठवड्यांचा विलंब म्हणजे केवळ कोंबड्यांचा प्रश्न असें कोणासही म्हणतां येणार नाहीं.

उपसंहार

येणेंप्रमाणें नवापूरच्या प्रकरणाचे दोन भाग पडतात. नांव मिळाल्यानंतरचा भाग सरकारी दप्तरांत भरपूर आहे : हुकूम, पथकांच्या याद्या, मारलेल्या पक्ष्यांचे पंचनामे, भरपाईच्या पावत्या. नांव मिळण्यापूर्वींचा भाग मात्र सरकारच्या कागदांत शोधून फारसा उपयोग नाहीं; कारण तेव्हां सरकारच्या लेखीं कांहीं घडतच नव्हतें. तो भाग असेल तर शेडवाल्यांच्या रोजच्या मरतुकीच्या वह्यांत, खाद्य व लस विकणाऱ्या दुकानदारांच्या खातेवह्यांत, ट्रकांच्या बिलांत, ग्रामपंचायतींच्या ठरावांत आणि पाड्यांवरील म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणींत. कोणत्या दिवशीं लसीची मागणी एकदम वाढली, कोणत्या दिवशीं अंड्यांची गाडी अर्धी भरून गेली, एवढें जरी कळलें तरी त्या तीन आठवड्यांतील अज्ञान किती व सोय किती याचा अंदाज बांधतां येईल. आणि पुढच्या वेळीं इशारा कोठून मिळेल हेंही दिसेल.

असे कागद टिकत नाहींत. पेशव्यांच्या काळचा जमाखर्च रुमालांत बांधून दोनशें वर्षें राहिला. २००६ च्या पोल्ट्रीची वही रद्दींत जावयास दहा वर्षें पुरतात. जुनें तें जपावें ही इतिहास-संशोधकांची संवय चांगली आहे. परंतु कालचें जें उद्यां जुनें होणार तेंही जपलें पाहिजे. नवापूर, उच्छल व जळगांवकडील शाळा-महाविद्यालयांतील अध्यापकांनीं हें काम हातीं घेतल्यास, एका लहान गांवच्या कोंबड्यांच्या मरणांतून सरकार व रयत यांच्या संबंधाचें एक महत्त्वाचें प्रकरण लिहिलें जाईल. मानमोडी म्हणून ज्यांनीं हांक मारली, त्यांचें ऐकून फ्लूचा संशय घेणारा कोणी त्यांच्याजवळ होता काय, ह्या प्रश्नाचें उत्तर त्या वह्यांतच सांपडेल. तें सांपडेपर्यंत ह्या साथीचा इतिहास अर्धाच लिहिला गेला आहे असें आम्ही समजतों.